हिरवा डोंगर आणि जिवंत डोंगर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिचोली, सत्तरी, सांगे भागांतून जाताना सपाट माथ्याचे, पायऱ्या पाडलेले डोंगर आपण नेहमी पाहतो. लोहखनिज काढताना निघालेली टाकाऊ माती रचून ते उभे राहिले आहेत. गोव्यात एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला काढावी लागते. जिथे ती टाकली, त्याच्या पायथ्याशी बहुधा कुणाचे तरी भातशेत किंवा कुळागर असते. पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस या सैल मातीवर कोसळतो. मग गाळ शेतात उतरतो, ओहोळ आणि नद्या उथळ होतात. म्हणून या ढिगांवर झाडे लावणे ही शोभेची बाब नाही, खालच्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

या मातीत कुजलेला पाला नाही, नत्र आणि स्फुरद अगदी कमी. अशा जागी तग धरते म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, ती झपाट्याने वाढते. पहिली काही वर्षे तिचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण तिचा पाला लवकर कुजत नाही. दाट लागवडीखाली गवत आणि इतर रोपे फारशी येत नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या पाल्याला आग लागण्याची भीती असते. लांबून डोंगर हिरवा दिसतो, खाली मात्र गुराला चरायला काही नसते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले, की खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करावी. म्हणजे कसोटी नुसत्या हिरवेपणाची नाही.

त्यासाठी क्रम पाळावा लागतो. खाण सुरू करतानाच वरची सुपीक माती वेगळी ठेवावी आणि लवकरात लवकर परत पसरावी. तिच्यात बी असते. फार काळ ढिगात पडली तर ती निर्जीव होते. पाण्याला गटारे आणि पायथ्याला बांध हवेत. उतारावर काथ्याची जाळी, वाळा आणि स्थानिक गवते लावावीत. नंतर अकेशिया विरळ करत माट्टी, करंज, जांभूळ, आवळा, बांबू आणावेत.

यापुढचे काम सर्वांत दुर्लक्षित आहे, ते म्हणजे मोजणी. किती रोपे लावली याचा फलक लागतो, पण तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली याचा फलक मी पाहिलेला नाही. मोजणी अवघड नाही. कायमच्या खुंट्या ठोकून झाडांसाठी 10 बाय 10 मीटरची आणि गवतासाठी 1 मीटरची चौकट आखावी. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चौकटीत बघावे: किती झाडे जिवंत, घेर किती वाढला, जाती किती, उघडी जमीन किती आणि न लावता आपोआप किती रोपे उगवली. घळी पडल्या का, ओहोळाचे पाणी पावसात किती गढूळ आहे, हेही टिपावे. एकाच जागेवरून दर वर्षी एक छायाचित्र घ्यावे. आपोआप उगवलेली रोपे वाढत गेली, तर पक्षी येत आहेत, बी रुजते आहे, असे समजावे.

आपल्याला आणखी एक माप ठाऊक आहे. माटोळीला बांधायला कांगले, हरणे, कवंडळ आपण रानातून आणतो. ही वेली-झुडपे रोपवाटिकेच्या यादीत सहसा नसतात. खाणीच्या डोंगरावर ती ज्या वर्षी आपसूक दिसतील, त्या वर्षी रान परतू लागले असे म्हणता येईल.

खाणी बंद पडल्या की देखरेख करणारेही निघून जातात, गाव मात्र तिथेच राहतो. म्हणून माझी विनंती एवढीच, की मंडळाच्या तरुणांनी जवळच्या एका शाळेला सोबत घ्यावे, परवानगी काढून एक ढीग निवडावा आणि एक वही घालावी. ती दहा वर्षे मोडू नये.

गणपती बाप्पा मोरया!