प्रलंबित नोंद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्याच धर्तीवर आपल्या या तालुक्याच्या गावी चाललेल्या मालेत आजवर अनेक विद्वान बोलून गेले. मी वैद्य नव्हे. महसूल खात्याच्या चाकरीत चौतीस वर्षे दप्तर सांभाळलेला आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला मी एक माणूस. आणि निवृत्तीनंतरची दोन वर्षे माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो, तिच्या आजारपणाचे कागद हाताळण्यात गेल्यामुळे, ज्या गोष्टीने माझे मन आजही स्वस्थ नाही ती आपल्यापुढे मांडावी म्हणून उभा राहिलो आहे.

अक्काचे वय त्या वेळी अठ्ठावन्न होते. अंगकाठी सडपातळ, जन्म शेतात राबण्यात गेलेला, गोडाची आवड अशी कधी नव्हतीच. उन्हाळा नसतानाही उशाशी भरून ठेवलेला तांब्या मध्यरात्रीच रिकामा होई आणि रात्रीतून चार चार वेळा तिला उठावे लागे. पण हे तिने कोणास सांगितले नाही. गावच्या समाजमंदिरात तपासणीचे शिबीर भरले, आशाताईंनी तिचे बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, यंत्राने १८६ हा आकडा दाखविला, आणि पिवळ्या कार्डावर ‘संशयित मधुमेह, दवाखान्यात दाखवावे’ असे लिहून ते कार्ड तिच्या हाती ठेवण्यात आले. चहा-चपाती होऊन तासही उलटला नव्हता, तेव्हा तेवढ्या आकड्यावर निर्णय होण्यासारखा नव्हता, हे खरे. परंतु केव्हाही घेतलेल्या रक्तात साखर १४० च्या वर आढळली की त्या माणसास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, असा २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे, आणि आशाताईंनी तो बिनचूक पाळला. येथपर्यंत कोणाची कसूर नाही.

पुढची हकीकत कागदांवरून सांगतो. पहिल्या खेपेस प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्राच्या पट्ट्या संपल्या होत्या. दुसऱ्या खेपेस ‘उपाशीपोटी या’ असे सांगून परत पाठविले. परंतु आमच्या गावाहून सुटणारी पहिली एसटी साडेदहाला पोहोचते आणि रक्त घेण्याची वेळ तेव्हा दहापर्यंतच असे. तिसऱ्या खेपेस अक्का आदल्या रात्रीच नातलगाकडे मुक्कामास गेली, सकाळी अनशापोटी केंद्रात जाऊन बसली, आणि साडेअकराला तिला कळले की प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर पाठविलेले आहेत. फडक्यात बांधून नेलेली भाकरी तिने दवाखान्याच्या ओट्यावर बसून खाल्ली आणि ती घरी आली. चौथ्या खेपेस पदरचे पैसे मोडून ती खाजगी डॉक्टरांकडे गेली. तेथे उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. “मावशी, तुमच्या अंगावर मांस तरी कुठं आहे? शुगर-बिगर काही नाही. भात-गोड जरा कमी खा,” असे तिला सांगण्यात आले, आणि केसपेपरवर ‘नॉर्मल’ असा शेरा पडला. माझी बहीण निश्चिंत झाली.

श्रोतेहो, ११८ हा आकडा नॉर्मल नव्हे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर म्हणजे मधुमेह, आणि ११० पासून १२५ पर्यंतचा पट्टा जागतिक आरोग्य संघटनेने बिघाडाचा म्हणून वेगळा काढलेला आहे. त्या पट्ट्यातील माणसास पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त तपासावे आणि साखर २०० किंवा त्याहून अधिक निघाली तर मधुमेह ठरवावा, अशी सर्वमान्य रीत आहे. कारण ज्याची उपाशीपोटीची साखर फारशी वाढलेली दिसत नाही अशा माणसाचा रोगही पुष्कळदा ग्लुकोज पाजल्यानंतरच उघडा पडतो. त्यासाठी लागते काय? ग्लुकोजची पुडी, दोन वेळा सुई, आणि दोन तास टेकायला एक बाक. तीन महिन्यांच्या सरासरीची म्हणून जी तपासणी अलीकडे सर्रास लिहून देतात, ती सोयीची असली तरी रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. ज्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल घरोघर ऐकू येतो, तेथे तिच्या एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

आणि सडपातळपणाविषयी. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद करताना एक रोगी कृश आणि दुसरा स्थूल असतो, हे स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. आपल्या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची अर्भके यांचा जो अभ्यास केला, त्यातून हीच गोष्ट नव्या पुराव्यानिशी पुढे आली : आपल्याकडचे मूल वजनाने हलके असते, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा मोठा असतो. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी आपले स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हे ज्ञान याच महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झाले असता, पुण्याहून काही तासांच्या वाटेवर एका वृद्ध शेतकरणीस केवळ ती बारीक आहे म्हणून माघारी धाडले जावे, ह्याचा मला मनस्वी संताप येतो, आणि तो लपविण्याची मला गरज वाटत नाही.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी एसटी स्टँडावर मी तिच्याबरोबर चालत होतो. मागून एका मुलाने हाक मारली, “आजी, तुमची चप्पल!” वळून पाहिले तो पंचवीस पावले मागे तिची डाव्या पायाची चप्पल पडलेली होती, आणि दुपारच्या त्या तापलेल्या डांबरावर ती एका पायाने अनवाणी चालत आली होती. मी विचारले, “अक्का, चटका नाही बसला?” ती म्हणाली, “अरे, हल्ली पायाला मुंग्याच फार येतात, कळत नाही.” मी ती चप्पल उचलून तिच्या पायात घातली आणि आम्ही पुढे गेलो. त्या क्षणी मला काही सुचले नाही, याचे दुःख माझ्याजवळ आहे. पुढे पाच महिन्यांनी बाभळीचा काटा तिच्या तळव्यात शिरला. संध्याकाळी सूनबाईला शेणाने सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा घरात सर्वांना कळले. ज्या पायात काटा होता त्या पायाच्या धनिणीस मात्र कळले नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. मधुमेहाचे निदान तेथे, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाले. पिवळे कार्ड मिळून त्या दिवशी चौदा महिने झाले होते.

मी ह्या सर्व कागदांची तारीखवार मांडणी केली, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात येण्यास दप्तराचाच माणूस हवा होता. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, संबंधितांस नोटीस काढतो, आणि मंडल अधिकाऱ्याची सही होईपर्यंत ती नोंद पक्की होत नाही. कोणी हरकत घेतली तर तिच्यासाठी विवादग्रस्त प्रकरणांची स्वतंत्र नोंदवही आहे, आणि अव्वल कारकुनाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने त्या प्रकरणाचा निकाल शक्यतो एका वर्षाच्या आत लावावा, असे १९६६ चा जमीन महसूल कायदा सांगतो. अडीच गुंठ्यांच्या बांधासाठी मी स्वतः अशा तारखा नेमल्या आहेत, पक्षकार गैरहजर राहिला तर त्याच्या घरी कोतवाल पाठविला आहे. जमिनीविषयी संशय निर्माण झाला तर त्याला वही आहे, तारीख आहे, उत्तरदायी अधिकारी आहे; आणि माणसाच्या रक्ताविषयी संशय निर्माण झाला तर त्याला एक पिवळे कार्ड आहे, जे त्याने स्वतःच सांभाळायचे. शिबिरात किती माणसे तपासली ह्याचा तक्ता वर जातो. ज्याचे निदान ठरले त्याचे नाव गोळ्यांच्या यादीत येते. या दोहोंच्या मध्ये जो ‘संशयित’ लटकत राहतो, तो चार दारांहून परतला तरी त्याच्या न येण्याची दखल घेणारा कोणी आमच्या केंद्रात नव्हता.

आणि अशी माणसे थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख माणसे सीमेवरची, असा अंदाज आहे. केंद्रावरच्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व लिहून ठेवले. पण आज सपाटीच्या मुलखात ३० हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असा दंडक असताना, सकाळी दाराशी उभ्या राहिलेल्या रांगेतील एकेका माणसास डॉक्टरांनी किती मिनिटे द्यावीत, हा हिशेब कोणासही करता येईल. म्हणूनच मी डॉक्टरांकडे अधिक वेळ मागत नाही. मी एक वही मागतो.

दिवाळीनंतर आमच्या केंद्रात रुजू झालेल्या डॉक्टरबाईंना मी हे सारे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दोनशे पानी बांधीव रजिस्टर मागविले. त्यात रकाने मी स्वतः आखून दिले : नाव, गाव, संशय आल्याची तारीख, आकडा, तो उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, पुढील तारीख, निकाल, आणि शेवटी सही. रक्त घेण्याची वेळ त्यांनी एसटीच्या वेळेशी जुळवून साडेअकरापर्यंत वाढविली; ग्लुकोजची तपासणी गुरुवारी ठेविली; आणि दोन तास बसण्यासाठी लागणारा बाक गावच्या सुताराने करून दिला. अक्का आता गोळ्या घेते, काठी टेकीत चालते, आणि रोज संध्याकाळी सूनबाई तिचे दोन्ही तळवे दिव्यापाशी धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासते.

वहीच्या पहिल्या पानावर सतरा नावे आहेत. त्यांपैकी नऊ जणांपुढे निकाल लिहून झाला आहे, आठ रकाने अद्याप कोरे आहेत. त्या आठांतले दोघे ऊसतोडीला गेले होते, ते आता परतले आहेत असे कळते. येत्या गुरुवारी आशाताई आणि मी त्यांच्या घरी जाणार आहोत.