आईची तुळस आणि पानांची दारं



आपल्या वेस्ट विंडसरमध्ये ऑक्टोबर उजाडला की तुमच्याही घरी हा प्रसंग घडत असेल. रात्रीची थंडी वाढते, हवामानवाले गोठणबिंदूची भाषा बोलू लागतात आणि डेकवरची तुळस, कढीपत्ता, मोगरा असं सगळं गोकुळ घरात येतं. जानेवारीपर्यंत त्यातली निम्मी झाडं माना टाकतात.

आमच्याकडची तुळस आईने लावलेली. सहा महिने राहून ती पुण्याला परत गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, "तुळशीकडे लक्ष दे रे." मी लक्ष दिलं. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी तांब्याभर पाणी घातलं. पानं मलूल दिसली की आणखी घातलं. डिसेंबरात तुळस गेली. आई दर रविवारी फोनवर विचारायची आणि मी तीन रविवार "छान आहे" म्हणून सांगितलं.

काय चुकलं ते समजून घ्यायला पानाच्या पाठीकडे बघावं लागतं. तिथे डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, चौरस मिलिमीटरमध्ये शंभराच्या घरात. शाळेत आपण त्यांना पर्णरंध्रं म्हणायचो. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. सकाळी उजेड पडला, त्यातही निळा प्रकाश मिळाला, की या पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात. त्यामागोमाग पाणी आत येतं आणि पेशी फुगतात. त्यांची छिद्राकडची भिंत जाड असते आणि बाहेरची पातळ, त्यामुळे फुगताना त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक निरोप देतं. मग पोटॅशियम बाहेर जातं, पाणीही जातं, पेशी सैलावतात आणि दार बंद होतं.

आता झाडाची पंचाईत बघा. दार उघडलं तर कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण पाण्याची वाफ बाहेर जाते. दार लावलं तर पाणी वाचतं, पण अन्न तयार होत नाही. एमबीएच्या वर्गात आम्हाला नफा-तोट्याची गणितं दोन वर्षं शिकवली, झाड तेच गणित दिवसभर सोडवत असतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी या दारांतूनच उडून जातं.

आमच्या घरात तुळशीला उजेड अपुरा होता. म्हणून दारं फारशी उघडत नव्हती आणि पाण्याचा खपही फारसा नव्हता. मी मात्र उन्हाळ्याच्या हिशेबाने पाणी ओतत होतो. ओल्या मातीत मुळांना हवा मिळेना, ती कुजली. कुजलेली मुळं पाणी वर चढवत नाहीत, म्हणून पानं मलूल झाली. मला वाटलं तहान लागली आहे!

तेव्हा मलूल झाड दिसलं की आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघा. माती ओली असेल तर पाणी घालू नका. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पण हीटिंगच्या झरोक्यावर नको. तिथली कोरडी हवा पानांतलं पाणी भराभर ओढून घेते.

दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. तुळस रात्रीही प्राणवायू देते, असा निरोप तुम्हालाही आला असेल. तसं होत नाही. प्राणवायू प्रकाशातच तयार होतो आणि रात्री तुळशीची दारं बहुतांशी मिटलेली असतात. रात्री दार उघडणारी झाडं वेगळी आहेत : पानफुटी, कोरफड, निवडुंग, बांधावरचं घायपात. तीही रात्री प्राणवायू देत नाहीत. गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दार लावून त्याचं अन्न करतात. हरभऱ्याच्या आंबेत असतं तेच हे मॅलिक आम्ल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे टिपून ठेवलं. लंडनच्या लिनियन सोसायटीने ते 1815 साली छापलं. तुम्ही मात्र चाखू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

मुलांना दारं बघायची असतील तर मनीप्लांटच्या पानाच्या पाठीला पारदर्शक नेलपॉलिश लावा. वाळलं की चिकटपट्टीने अलगद उचला आणि काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. छिद्रांचे ठसे स्पष्ट दिसतात.

चौथ्या रविवारी मी आईला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, तिला पाजत बसायचं नसतं, विचारायचं असतं. वाळलेल्या मंजिऱ्या ठेवल्यात ना? चैत्रात पेर."

पेरल्या. या वर्षीची तुळस खिडकीत आहे. आज माती ओली होती, पाणी घातलं नाही. तुमच्या कुंडीतही आज एकदा बोट घालून बघा.