पाणी आपण पितो, तर तपासणीचा कागदही आपल्याला हवा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अणुवीज केंद्रात गळती झाल्याची बातमी आली की गावोगाव आम्हाला विचारतात, "साहेब, पाणी खरंच नासतं का?" आज एकच उदाहरण सांगतो.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ब्रेडवुड येथे अणुवीज केंद्र आहे. भोवती शेती, आणि पिण्याला घरोघरच्या विहिरींचे पाणी. केंद्रातले वापरलेले पाणी कॅन्ककी नदीत सोडायला जमिनीखालून पाइप नेला आहे. त्याचे व्हॉल्व्ह निकामी झाले. १९९८ आणि २००० साली प्रत्येक वेळी कोटभर लिटर पाणी जमिनीवर सांडले. त्यात ट्रिटियम होते.

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. तो पाण्यातच पाणी होऊन राहतो. रंग नाही, वास नाही. उकळून जात नाही, तुरटीने बसत नाही. बारा वर्षांत निम्मा होतो, एवढेच.

लोकांना हे कळले कधी? डिसेंबर २००५ मध्ये! एका घरच्या विहिरीतही ट्रिटियम निघाले. ते सरकारी मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. हे मुद्दाम सांगतो, कारण भीती विकणे हा आमचा धंदा नव्हे. पण ज्याने पाच वर्षे तोंड उघडले नाही, त्याच्या "धोका नाही" या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? घराजमिनींचे भाव पडले म्हणून लोक कोर्टात गेले. २००६ साली राज्याने कायदा केला : गळती झाली की चोवीस तासांत सरकारला कळवायचे.

आता आपल्या शिवारात या. इथे अणुभट्टी नाही. पण विदर्भात कितीतरी गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, नायट्रेट आहे. तेही डोळ्यांना दिसत नाही. लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅम, दुसरे पाणीच नसेल तर दीड, नायट्रेट ४५. याच्यावर पाणी पिण्याचे नव्हे. तुमच्या विहिरीचा आकडा कोणाला ठाऊक आहे? हात वर करा.

आणि कपाशीवर फवारणी झाली की पंप विहिरीच्या काठावर कोण धुतो? आपणच. सरकारला जाब विचारायचा तर आधी ते बंद करा.

मग ग्रामसभेत ठराव घ्या : वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याची तपासणी, आणि तिचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर, मराठीत. कागद फायलीत पडून राहिला तर ती तपासणी झालीच नाही, असे आपण धरू.