दोन डोस झाले, आता मास्क कशाला?

(प्रसारण : ऑगस्ट २०२१चा शेवटचा आठवडा)



१५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा खुली झाली. लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत, अशी अट आहे. स्टेशनवर प्रमाणपत्र दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि पास काढायचा. डब्यात मात्र मास्क हवाच. त्यामुळे दवाखान्यात येणारे पेशंट हल्ली मला विचारतात, "डॉक्टर, दोन डोस झाले, डब्यातले बहुतेक सगळे लस घेतलेले. मग हे तोंडावर बांधून कशाला फिरायचं?"

प्रश्न रास्त आहे. "नियम आहे म्हणून" एवढंच सांगून त्याची बोळवण करू नये, असं मला वाटतं.

लस आपण दंडात घेतो. तिच्यामुळे रक्तात अँटिबॉडीज तयार होतात, विषाणू ओळखणाऱ्या पेशी तयार होतात. विषाणू फुप्फुसाकडे सरकला की त्या त्याला गाठतात. म्हणून लस घेतलेल्या माणसावर ऑक्सिजन लावायची पाळी सहसा येत नाही. पण हा विषाणू आधी मुक्काम करतो तो नाकात आणि घशात. तिथल्या ओलसर अस्तरावर दंडातल्या लशीचं संरक्षण तोकडं पडतं. शरीर लढाईला उभं राहीपर्यंतच्या त्या काही दिवसांत माणूस जेमतेम शिंकत असतो, कधी तेही नाही, आणि तरीही इतरांना लागण देऊ शकतो. लस घेतल्याने लागण होण्याची आणि ती दुसऱ्याला देण्याची शक्यता कमी होते, हे खरं. ती संपत नाही, आणि विषाणूचा डेल्टा हा प्रकार आल्यापासून तर नुसत्या लशीवर विसंबून राहणं आणखी अवघड झालं आहे.

अमेरिकेत काय झालं ते पाहा. १३ मे रोजी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने जाहीर केलं की, दोन्ही डोस घेतलेल्यांनी बहुतेक ठिकाणी मास्क काढला तरी चालेल. जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावात सुट्टीसाठी गर्दी लोटली. त्या गर्दीतून त्या राज्यातल्याच ४६९ जणांना कोरोना झाला आणि त्यांतले ३४६ जण लशीचे सगळे डोस घेतलेले होते. नाकातल्या स्वॅबची तपासणी केली, तेव्हा लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या नमुन्यांत विषाणूचं प्रमाण जवळपास सारखंच दिसलं. २७ जुलैला सीडीसीने सल्ला फिरवला : जिथे लागण जास्त आहे तिथे बंद जागेत लस घेतलेल्यांनीही मास्क लावावा. इस्राएलने तर १५ जूनला बंद जागेतली मास्कसक्ती उठवली आणि दहाच दिवसांत परत आणली.

हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, मग लस घेऊन उपयोग काय? तर त्याच गावाचा पुढचा आकडा ऐका. त्या ३४६ जणांपैकी रुग्णालयात दाखल करावे लागले फक्त चार. मृत्यू एकही नाही. एप्रिलमध्ये एकेका बेडसाठी रात्रभर फोन फिरवणारे नातेवाईक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता लोकलच्या डब्याकडे येऊ. तिथले प्रवासी लस घेतलेले आहेत, हे कबूल. पण संध्याकाळी उतरून ते घरी जातात. घरात शाळकरी मुलं असतात आणि अठरा वर्षांखालच्यांचं लसीकरण आपल्याकडे अजून सुरू झालेलं नाही. कॉलेजातल्या भावाचा कोविशिल्डचा पहिला डोस झालेला असतो आणि दुसऱ्यासाठी त्याला ८४ दिवस थांबायचं असतं. शेजारी कुणाची किडनी बदललेली असते. अशा माणसाने दोन्ही डोस घेतले तरी, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे त्याच्या शरीरात अँटिबॉडीज पुरेशा तयार होतीलच असं नाही. डब्यात उचललेला विषाणू या माणसांपर्यंत जातो. लस घेतलेल्याने मास्क लावायचा तो मुख्यतः यांच्यासाठी.

आणि लावायचा तर नीट लावा. डब्यात मी रोज बघतो. मास्क सगळ्यांकडे असतो, पण फोन वाजला की तो हनुवटीवर येतो. मोठ्याने बोलताना तोंडातून जास्त तुषार उडतात आणि नेमकं तेव्हाच तोंड उघडं! किती जणांचं नाक बाहेरच असतं, आणि विषाणूचा मुक्काम तर नाकातच. वरची पट्टी नाकावर दाबून बसवा. कापड सैल झालं असेल तर मास्क बदला. फोन आला तर "उतरल्यावर करतो" म्हणा.

मास्क सदासर्वकाळ हवा, असं मात्र मी म्हणणार नाही. पहाटे मोकळ्या मैदानावर एकटेच चालत असाल, तर लस घेतलेल्या माणसाला त्याची गरज नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांचे दोन्ही डोस झाले आहेत, कुणी आजारी नाही, तर घरात मोकळेपणाने बसा. नियम गरजेपुरताच असेल तर लोक तो पाळतात. सरसकट लादला की खिशात घालतात.

दोन आठवड्यांवर गणपती आले आहेत. आरतीला दहा-पंधरा माणसं एका खोलीत उभी राहतात आणि सगळी खड्या आवाजात म्हणतात. या वर्षी आरती घरच्यांपुरती ठेवा. बाहेरचं कुणी आलंच, तर खिडक्या उघड्या असू द्या आणि दोन डोस झालेल्यांनीही मास्क लावूनच आरती म्हणा. प्रसाद हातात द्या, तो त्यांना घरी जाऊन खाऊ द्या. आजी-आजोबांच्या पाया पडायचं तेही मास्क न काढता.