वसाहतीतील हिरवळ कोणाची?

(शिक्षक-संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



गरिबांना राहावयास स्वस्त व नीटनेटकी घरे मिळावीत, हा हेतू मनात धरून जगातील अनेक शहरांनी विसाव्या शतकात सार्वजनिक वसाहती उभारल्या. घरांचा हिशेब त्या त्या मंडळांनी चोख ठेवला : किती खोल्या, किती नळ, किती भाडे. परंतु दोन इमारतींच्या मध्ये जी मोकळी जमीन उरे, तिचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही. नकाशावर ती हिरव्या रंगाने रंगविलेली असे, एवढेच. प्रत्यक्षात पुढे तिचे काय झाले, आणि जे झाले त्यात तेथील मुलामुलींचा वाटा कोणता होता, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उदाहरणे दूरच्या शहरांची आहेत खरी. परंतु मोकळी जागा, तीत लावलेली रोपे आणि ती तुडविणारी अथवा जगविणारी मुले, हे त्रिकूट खेड्यातील शिक्षकाच्या रोजच्या परिचयाचे आहे.

न्यूयॉर्क शहराचे गृहनिर्माण मंडळ १९३४ साली स्थापन झाले. थोड्या जमिनीवर उंच इमारती बांधाव्यात व बाकीची जमीन उजेड आणि हवा ह्यांसाठी मोकळी ठेवावी, असा त्या काळच्या वास्तुशिल्पज्ञांचा आग्रह होता. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून आलेल्या कुटुंबांना ही मोकळीक म्हणजे मोठाच दिलासा होता. मात्र मंडळाने हिरवळीभोवती साखळ्या लावल्या. गवतावर पाऊल टाकणे हा नियमभंग ठरला, आणि एखादे मूल गवतावर आढळले तर त्याचा दंड आईबापांना भरावा लागे. गवत हिरवे राहिले, ह्यात शंका नाही. माळी होते, पहारेकरी होते, तोवर सारे सुरळीत चालले. पण ज्या मुलाला हिरवळीची ओळख बापाच्या खिशातून जाणारा दंड एवढीच झाली, त्याला तिच्याविषयी ममत्व वाटावे तरी कोठून? शाळेच्या बागेला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवणारे मुख्याध्यापक आपल्याकडेही अगदीच दुर्मिळ नाहीत.

१९६०च्या दशकाच्या आरंभी ह्याच मंडळाने एक वेगळी वाट धरली. भाडेकरूंच्या गटांनी इमारतीजवळचा जमिनीचा तुकडा मागावा, आराखडा स्वतः करावा, लागवड स्वतः करावी, आणि मोसमाच्या अखेरीस उत्तम बागांना बक्षिसे द्यावीत, अशी ती योजना होती. ह्या वसाहतींत फुलांची नासधूस एका रात्रीत होईल, असे भाकीत जाणत्या लोकांनी केले होते. ते बहुतांशी खोटे ठरले. चार्ल्स लुईस नावाचे उद्यानतज्ज्ञ परीक्षक म्हणून ह्या बागा पाहावयास येत असत. फुलांना गुण देण्यासाठी आलेल्या ह्या गृहस्थांचे लक्ष हळूहळू फुलांवरून माणसांवर गेले. जे शेजारी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलले नव्हते ते वाफ्याच्या कडेला उभे राहून बोलत होते. आणि ज्या पोरांच्या धाकाने बागा टिकणार नाहीत असे वाटत होते, त्यांच्यातूनच बागांचे राखणदार निघाले होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मनुष्य आणि वनस्पती ह्यांच्या नात्याचा विचार लुईस ह्यांनी विस्ताराने मांडला, त्याची बीजे ह्याच अनुभवात आहेत.

ह्यापुढचा टप्पा फार अलीकडचा आहे. ब्रुकलिन विभागात बंदरालगत रेड हुक नावाची जुनी वसाहत आहे. ती १९३९ साली, गोदीकामगारांच्या वस्तीत, उभी राहिली. २०१२च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळाने समुद्राचे पाणी ह्या वसाहतीत शिरले, आणि हजारो रहिवाशांना कित्येक दिवस विजेवाचून व ऊबेवाचून काढावे लागले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१३ साली, ह्या वसाहतीच्या हिरवळीवर सुमारे एक एकराचे शेत तयार झाले. ‘ग्रीन सिटी फोर्स’ ही संस्था २००९पासून मंडळाच्या वसाहतींत राहणाऱ्या अठरा ते चोवीस वर्षांच्या तरुणतरुणींना ठराविक मुदतीच्या सेवेसाठी घेते, त्यांना विद्यावेतन देते आणि कामाचे शिक्षण देते. शेत उभारण्याच्या व पिकविण्याच्या कामात ह्याच तरुणांचे हात होते. त्यांच्या आजीआजोबांना जेथे पाय ठेवण्याची मनाई होती, तेथे त्यांनी वाफे बांधले. तेथे पिकणाऱ्या भाजीचा व्यवहारही ध्यानात घेण्याजोगा आहे : रहिवाशाने स्वयंपाकघरातील ओला कचरा खतासाठी आणून द्यावा किंवा काही वेळ शेतात राबावे, आणि त्याच्या मोबदल्यात ताजी भाजी न्यावी. पैसा मध्ये येत नाही, पण फुकटही काही मिळत नाही. पुढे शहराच्या इतर भागांतील वसाहतींतही अशी शेते निघाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मुलांकडून काम करून घेणे आणि मुलांवर काम सोपविणे, ह्या दोन क्रिया भिन्न आहेत. पहिलीत मुले म्हणजे बिनपगारी मजूर ठरतात. साहेब येणार म्हणून मैदान झाडणे, खड्डे खणणे आणि रोपाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणे, हे ह्या प्रकारात मोडते. दुसरीत जागा कोणती, झाड कोणते, वाट कोठून, चुकले तर पुन्हा काय करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मुलांकडे जातो. रेड हुकच्या तरुणांना वेतन मिळते ते ह्याच जाणिवेने, की त्यांचे श्रम हे खरे श्रम आहेत. शाळकरी मुलांना वेतन द्यावयाचे नसते. पण निर्णयाचा वाटा तरी त्यांना द्यावयासच हवा. तो न देता त्यांच्या हाती केवळ कुदळ देणे हा एक प्रकारचा अन्यायच होय.

निर्णय मुलांच्या हाती दिल्यास काय होते, ह्याचे सर्वांत धीट उदाहरण डेन्मार्कचे आहे. कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात कामगारांच्या सहकारी गृहसंस्थेची वसाहत होती. तेथील मोकळ्या जागेचा एक तुकडा १९४३ साली मुलांच्या स्वाधीन करण्यात आला. देश त्या वेळी जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या धैर्याची किंमत कळते. कल्पना सी. टी. सोरेनसेन ह्या उद्यानरचनाकाराची. अनेक सुबक क्रीडांगणे आखल्यावर त्यांच्या ध्यानात आले होते, की मुले तेथे न रमता बांधकामाच्या ढिगाऱ्यावर जाऊन खेळतात. म्हणून ह्या जागेभोवती मातीचा उंच बांध व कुंपण घालण्यात आले. आत झोपाळे नाहीत, घसरगुंडी नाही. फळ्या, विटा, जुने सामान, माती आणि अवजारे, एवढेच. मुलांनी झोपड्या बांधल्या, बोगदे खणले, वाफे केले, पुष्कळदा मोडून पुन्हा केले. स्वतः सोरेनसेन ह्यांनी पुढे कबूल केले, की आपल्या हातून झालेल्या कामांत दिसावयास सर्वांत कुरूप हेच, आणि तरीही आपल्या लेखी सर्वांत सुंदरही हेच.

ह्या जागेचे पहिले प्रमुख जॉन बर्टेलसेन हे होते. पूर्वी ते खलाशी होते, व बालशिक्षकाचे शिक्षणही त्यांनी घेतले होते. काय करावे हे मुलांना सांगावयाचे नाही, पण मूल मागेल तेव्हा साहित्य, अवजार आणि सल्ला घेऊन हजर राहावयाचे, अशी त्यांची रीत होती. ऐकावयास हे सोपे वाटते. खिळा वाकडा ठोकला जात आहे हे दिसत असताना हात मागे ठेवणे किती कठीण आहे, हे मात्र शिक्षकच जाणतो. आणि असा प्रौढ माणूस तेथे नसता, तर ती जागा काही महिन्यांतच उकिरडा झाली असती, हेही तितकेच खरे. मुलांना स्वातंत्र्य देणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे नव्हे.

आता कोणी विचारील, की घराभोवती चार झाडे असली काय आणि नसली काय, त्याने मुलांचे असे काय बनते अथवा बिघडते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा चांगला प्रयत्न शिकागो शहरात झाला. तेथील ‘रॉबर्ट टेलर होम्स’ ही वसाहत १९६२ साली पुरी झाली. सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती होत्या. प्रारंभी सर्वत्र झाडे व गवत लावलेले होते. पुढे देखभालीचा खर्च आणि धूळ कमी करण्यासाठी बऱ्याच जागेवर फरसबंदी झाली, झाडे गेली. काही इमारतींपुढे मात्र ती टिकली. कोणत्या कुटुंबाला कोणती खोली मिळावी, हे कुटुंबाच्या इच्छेवर नव्हते. त्यामुळे एकाच प्रकारची माणसे, एकाच प्रकारची घरे, फरक फक्त खिडकीबाहेरच्या झाडांचा, अशी तुलना आपोआप करता आली. इलिनॉय विद्यापीठातील फ्रान्सिस कुओ, विल्यम सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १६९ मुलामुलींची पाहणी करून २००२ साली निष्कर्ष मांडले. ज्या मुलींच्या घरातून हिरवाई दिसे, त्यांची एकाग्रता व संयम अधिक आढळला. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही. ते घराजवळ कमी आणि दूर अधिक खेळतात, हे कारण असावे. शिकागोच्याच दुसऱ्या एका वसाहतीतील ९८ इमारतींच्या पाहणीत, दाट हिरवाईच्या इमारतींपाशी गुन्ह्यांची नोंद उजाड इमारतींच्या मानाने निम्म्याहूनही कमी आढळली होती. झाडामुळे चोर साधू होतो, असा ह्याचा अर्थ नव्हे. सावली असली की माणसे बाहेर येऊन बसतात, आणि माणसे बसली की मुलांवर दहा डोळ्यांची नजर राहते. रॉबर्ट टेलर वसाहत आज अस्तित्वात नाही. तिची शेवटची इमारत २००७ साली पाडण्यात आली.

महाराष्ट्रातील गावोगावी इंदिरा आवास योजनेपासून घरकुले बांधली गेली, आणि २०१६पासून पंतप्रधान आवास योजनेखाली ती बांधली जात आली. पुष्कळ ठिकाणी त्यांची वेगळी वस्तीच गावाबाहेर वसली. माळावरची जमीन, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात झाडाचे नावही नाही. तेथील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतच येतात. दुसरीकडे, कन्हैयालाल मुनशी ह्यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केल्यापासून दर पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात, आणि त्यांतील पुष्कळशी पुढच्या मेपर्यंत वाळून जातात, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रोपे मरतात ती बहुधा हौस कमी पडल्यामुळे नव्हे. ती कोणाचीच नसतात म्हणून मरतात.

तेव्हा ह्या जूनमध्ये रोपे शाळेच्या आवारातच लावण्याऐवजी, चौथीपासून पुढच्या मुलांना आपल्या वस्तीचा नकाशा काढावयास सांगून पाहावे. पायवाटा कोठून जातात, म्हातारी माणसे दुपारी कोठे बसतात, गुरे कोठून येतात, पाणी कोठे तुंबते, हे त्यांना सरपंचांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. परिसर अभ्यासाचे पाच-सहा तास त्यात सहज सत्कारणी लागतील. ग्रामपंचायतीची संमती घेण्यासाठी शिक्षकाने एकट्याने न जाता दोन मुलेही बरोबर न्यावीत, आणि बोलणे त्यांना करू द्यावे. वीस रोपांऐवजी पाचच लावावीत. गुरांनी एखादे खाल्ले तर कुंपण कसे करावयाचे, ह्याचा खल मुलांनाच करू द्यावा. बाभळीच्या काट्यांपासून जुन्या साडीपर्यंत नाना उपाय निघतील, त्यांतील काही फसतील.

खरी अडचण मे महिन्याची. शाळा बंद, विहीर तळाला, मुले मामाच्या गावी. शहरी वसाहतीच्या नळाची सोय येथे नाही. ह्यासाठी झाड लावतानाच ते कोणत्या तरी न्हाणीच्या उताराला लावणे हाच उपाय टिकाऊ दिसतो. कोणत्या घरचे सांडपाणी कोणत्या झाडाला, पाट कोण काढणार, आणि ते घर सुट्टीत बंद असेल तर शेजारचे कोण घागर ओतणार, ह्याची यादी मुलांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेच्या आधीच, करून वर्गाच्या भिंतीवर लावावी. यादीखाली त्या त्या घरच्या बाईची सही अथवा अंगठाही मुलांनीच आणावा.