देणगी यंत्राला की उपचाराला?

(देणगीदार मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



आपली देणगी रुग्णाच्या अधिकाधिक उपयोगी कशी पडेल, या विषयावर डायलिसिसचे उदाहरण घेऊन आम्ही थोडे निवेदन करू इच्छितो.

मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झालेल्या रुग्णास साधारणतः आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास डायलिसिस घ्यावे लागते. वर्षाच्या पाळ्या होतात १५६. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण न झाल्यास हा क्रम आयुष्यभर चालतो. प्रत्येक पाळीस सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी, डायलायझर, नळ्या, सुया, औषधे, वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. यंत्राची खरेदी एकदाच होते. हा खर्च मात्र नित्याचा आहे. पैशाअभावी पाळ्या चुकल्या, तर शरीरात पाणी व पोटॅशियम साठून रुग्णाच्या जिवावर बेतते. त्या वेळी शेजारी नवे यंत्र उभे असूनही त्याचा उपयोग नसतो.

यंत्रावर नावाची पाटी लावता येते, सुईवर येत नाही. पाटीमागील कृतज्ञतेचा आम्ही आदरच करतो. परंतु माता-पित्यांच्या स्मरणार्थ एखाद्या रुग्णाच्या वर्षभराच्या पाळ्यांचा भार उचलणे, हेही तितकेच चिरंतन स्मारक आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, तर १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी जमा करावी लागते. निर्धनांच्या उपचारार्थ आलेल्या देणग्याही याच निधीत जमा होतात. मात्र एकाच निधीतून अनेक व्याधींचा खर्च भागवावयाचा असल्याने वर्षानुवर्षांच्या उपचारास तो अपुरा पडतो.

म्हणून देणगी देण्यापूर्वी आपण कोणत्याही संस्थेला ३ प्रश्न अवश्य विचारावेत. आज सर्वाधिक निकड कशाची आहे? या वस्तूचा पुढील खर्च कोण करणार? विनियोगाचा हिशेब केव्हा मिळेल? देणगी कायम निधीसाठी असल्यास मूळ रक्कम शाबूत राहून केवळ व्याज वापरले जाते, हेही ध्यानी घ्यावे. तातडीच्या उपचारासाठी द्यावयाची असल्यास पावतीवर तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

वर्षातून एकदा मोठी रक्कम देणे शक्य नसेल, तर दरमहा थोडी द्यावी. रुग्णाची पुढील पाळी परवाच असते. नियमित येणाऱ्या रकमेच्या भरवशावरच आम्हाला त्याला ‘या’ असे सांगता येते.