पेठांतून पायी : पुण्याच्या जुन्या शहराची स्वयंमार्गदर्शित सहल
(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

शासकीय कामानिमित्त पुण्यास येणाऱ्या मंडळींची संख्या मोठी आहे. कोणी जिल्हा परिषदेत येतो, कोणी विभागीय आयुक्तांच्या कचेरीत, कोणी प्रशिक्षणासाठी. काम आटोपल्यावर परतीच्या गाडीपर्यंत अर्धा दिवस हाती उरतो आणि बहुधा तो बसस्थानकाच्या बाकावर जातो. शाळांच्या सहलींची गतही फारशी निराळी नाही. शनिवारवाड्यापुढे बस थांबते, मुले छायाचित्र काढून घेतात, अर्ध्या तासात बस पुढच्या स्थळाकडे धावू लागते. मुलांना वाडा दिसतो, परंतु ज्या शहराचा तो वाडा होता ते शहर दिसत नाही.

वस्तुतः पुण्याचे जुने शहर पायी पाहण्याजोगे आहे आणि त्यासाठी वाटाड्या लागत नाही. शनिवारवाडा ते गंज पेठेतील महात्मा फुले वाडा हे अंतर, मधली वळणे धरूनही, चार किलोमीटरांच्या आतबाहेर भरते. एका कागदावर काढलेला साधा नकाशा, पायांत सोयीची वहाण आणि तीन-चार तासांची सवड एवढी शिदोरी पुरे. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोची कसबा पेठ व मंडई ही स्थानके सुरू झाल्यापासून बाहेरगावच्या माणसाला या वाटेवर येणेही सोपे झाले आहे. निघावे मात्र सकाळी. दुपारनंतर लक्ष्मी रस्त्यावर गर्दीतून वाट काढण्यातच पाहणाऱ्याचे लक्ष गुंतून राहते.

प्रारंभ शनिवारवाड्यापासून करावा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. उत्तरेकडील दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तींना धडका देता येऊ नयेत म्हणून बसविलेले आहेत. मुले ते पाहतातच. आत गेल्यावर मात्र त्यांची निराशा होते, कारण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीने आतील इमारती भस्मसात केल्या. शिल्लक आहेत ती जोती. अशा वेळी शिक्षकाने पेशवाईच्या मसलती व ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणरावांचा खून एवढेच सांगून न थांबता, मुलांना हजारी कारंजापाशी न्यावे आणि एक साधा प्रश्न विचारावा : या कारंजाला पाणी कोठून येत होते?

या प्रश्नाच्या उत्तरात पुण्याचा निम्मा इतिहास आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवरील कात्रज येथे तलाव बांधून तेथून दगडी-विटांच्या बंदिस्त नळाने पाणी शहरात आणण्यात आले. ना पंप, ना वाफेचे यंत्र. केवळ जमिनीच्या उताराचा आधार. नळात साठणारी हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येईल इतकी नळाची उंची होती. हे पाणी वाड्यात आले, तसेच पेठापेठांतील हौदांतही आले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद अशी नावे जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अद्याप आहेत. आपल्या गावच्या नळपाणी योजनेच्या देखभालीचा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्या पंचायत सदस्यांना तर ही माहिती दरवाजावरील खिळ्यांपेक्षा अधिक जवळची वाटेल. हौदावर कोणी यावे व कोणी येऊ नये हे मात्र उतार ठरवीत नव्हता, जात ठरवीत होती. हे ध्यानात ठेवून पुढे निघावे.

वाड्यालगत लाल महाल आहे. सध्याची इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. शहाजीराजांनी बांधलेला व एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो मूळ वाडा आज नाही. हे मुलांना स्पष्ट सांगावे. स्मारक आणि अवशेष यांतील भेद लहान वयातच कळलेला बरा. तेथून जवळच कसबा गणपती, म्हणजे पुण्याचे ग्रामदैवत. देवालयाचा संबंध जिजाबाईंशी आहे आणि विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याच गणपतीचा असतो. कसब्यात थोडा वेळ अधिक काढून तांबट आळीत शिरावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम करणारे कारागीर तेथे अजून आहेत आणि आळी सापडली नाही तर ठोक्यांच्या आवाजावरून सापडते. नदीकाठच्या पेठांतून हिंडताना १२ जुलै १९६१ या दिवसाचीही आठवण ठेवावी. पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने या भागातील असंख्य घरे-वाडे जमीनदोस्त केले. जुन्या घरांच्या रांगेत मध्येच एखादी अलीकडची इमारत का दिसते, याचे एक उत्तर तेथे मिळते.

शिवाजी रस्त्यावर परत येऊन दक्षिणेकडे वळले की नाना फडणवीसांचा वाडा लागतो. पुढे येथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची शाळा भरू लागली. त्यानंतर फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद. याला वाडा-राजवाड्याचा थाट नाही, म्हणून बहुतेक प्रवासी त्याकडे न पाहताच पुढे जातात. डॉ. विश्राम रामजी घोले हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी आपल्या काशी ऊर्फ बाहुली या लहानग्या मुलीला शिकविण्यास आरंभ केला. ते न रुचलेल्या नातलगांनी तिला काचेची पूड घालून खाऊ दिला आणि त्यात ती दगावली, असे सांगितले जाते. तिच्या स्मरणार्थ डॉक्टरांनी हौद बांधला, तो सर्व जातींच्या लोकांसाठी. कात्रजच्या नळाची कथा ज्याने लक्ष देऊन ऐकली असेल, त्याला या शब्दांचे वजन निराळे सांगावे लागत नाही.

येथून हाकेच्या अंतरावर, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती येथे. वाडा जीर्ण झाला होता, मालकी-भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षे चालले आणि अखेर राष्ट्रीय स्मारकाच्या उभारणीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. ज्या जिन्याने त्या मुली वर गेल्या तो जिना पाहण्याची संधी आता कोणालाही मिळणार नाही. गावोगावच्या जुन्या वास्तूंचे दप्तर ज्यांच्या ताब्यात असते, त्या अधिकाऱ्यांनी या जागी क्षणभर उभे राहावे. वास्तू कोसळण्यापूर्वी तिची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. ते वेळेवर होत नाही एवढेच.

बेलबागेतील विष्णुमंदिर नाना फडणवीसांचे आणि त्यालगतच्या तुळशीबागेतील राममंदिर नारो आप्पाजींचे. तुळशीबागेत बांगड्या, भातुकली व पितळी समया यांच्या दुकानांतून देवळाचे दार शोधावे लागते. शिखर मात्र दुरून दिसते. पश्चिमेस बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा आहे. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला व पुन्हा बांधला गेला. लाकडी कोरीव खांबांचा दर्शनी भाग पाहावयाचा तर समोरच्या पदपथावरून पाहावा.

मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली खुली झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. पंचायतीच्या सभेत एकट्याने विरोधी मत नोंदविणाऱ्या सदस्याला ही हकीगत आवर्जून सांगावी.

अशी सहल आखताना शिक्षकाने आधी एकट्याने ती वाट चालून यावे. प्रसाधनगृह व पिण्याचे पाणी कोठे आहे, रस्ता कोठे ओलांडावा, हे नकाशावर टिपावे. प्रत्येक थांब्यासाठी एकच प्रश्न असावा, आणि तो शक्यतो सनावळीचा नसावा. एका गटात पंधरा-वीसच मुले असावीत. हीच रीत तालुक्याच्या गावीही चालते. वेस, चावडी, बारव, बाजारतळ व शाळेची पहिली खोली यांना जोडणारी वाट कोणत्याही जुन्या गावात सापडते. फलक लावावयाचे असल्यास ग्रामपंचायतीने नाव व साल यांबरोबर ती वास्तू कोणी, कशासाठी आणि कोणासाठी बांधली, हेही दोन ओळींत लिहावे. पुण्यातील कित्येक फलकांवर नेमके हेच आढळत नाही.

मंडईपासून पूर्वेकडे पाऊण तासाचा वेळ हाती ठेवून गंज पेठेकडे निघावे. वाट बोळांची आहे. विचारीत जावे, लोक सांगतात. फुले वाड्याच्या आवारात तुळशी वृंदावनापाशी जोतीरावांची समाधी आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने गेल्या. याच घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. शनिवारवाड्याच्या कारंजापाशी विचारलेला प्रश्न मुलांना येथे पुन्हा विचारावा आणि त्यांना बोलू द्यावे. स्वारगेटचे बसस्थानक तेथून फार दूर नाही.